भट्टीपासून ऐंशी पावलं

गाडीचं दुखणं माणसं कोणत्या शब्दांत सांगतात, ते मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायला हवं होतं. अंबडचे एक वकील म्हणायचे, "हिला तीनदा पुकारावं लागतं, तेव्हा हजर होते." परतूरच्या एका आडत्याची जीप "सासरी निघालेल्या पोरीवानी दर दहा पावलाला थांबून राह्यली" होती. एक मुख्याध्यापक तर काही सांगतच नसत. गॅरेजच्या दारात उभे राहून, गाल फुगवून ते गाडीचा आवाज स्वतः काढून दाखवत. तो इतका हुबेहूब असे, की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने एकदा बाहेर येऊन विचारलं, कोणाची गाडी आली म्हणून. मी अशा वेळी हसत नाही. निम्मं निदान त्या बोलण्यातच असतं. हसायचं ते गिऱ्हाईक गेल्यावर.

जालना एमआयडीसीच्या कडेला माझं गॅरेज आहे. त्याला बावीस वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं मी एका स्टील मिलमध्ये देखभालीचं काम करत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील परतूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आणि इंजिनिअर म्हणजे खुर्ची एवढं आईचं गणित होतं. गॅरेज बघायला ती पहिल्यांदा आली तेव्हा मी एका जीपखाली होतो. तिला माझे फक्त पाय दिसले. ती पायांशीच बोलली, "एवढं शिकून मंग भुईवरच झोपायचं व्हतं का रे?" ज्या गुरुजींनी मला शिकवलं, ज्या शिष्यवृत्तीवर माझी मेस चालली, त्यांचे उपकार भुईवर झोपून फिटतात की नाही, मला ठाऊक नाही. पण झोपलो ते मन लावून झोपलो.

गॅरेजात माझ्या जोडीला सलीमभाई आहेत. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं सगळं ऐकतात. मी पुस्तक उघडलं की म्हणतात, "इंजिनेर, किताब बंद करो, कान खोलो." मी म्हणतो, कानाला पुरावा नसतो. हे भांडण बावीस वर्षं बराबर चालू आहे आणि गॅरेजही त्यावरच चालतं.

तर कमलभाभींची लाल गाडी.

मी पूर्वी ज्या मिलमध्ये होतो तिचे मालक गोविंदशेठ. कमलभाभी त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. भाभींचं वय बासष्ट. त्यांचा फोन आला की मिलच्या आवारात एक जुनी गाडी आहे, चालते पण झटके देते, उभी केली की बंद पडते, येऊन बघा. मी आणि सलीमभाई गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जे निघालं ते पाहून सलीमभाईंनी टोपी सरळ केली. लाल, बसकी, दोनच सीटांची, टप मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याच्या कोणीतरी परदेशातून आणलेली आणि पुढे भाभींनी घेतलेली. जालन्यात अशी दुसरी मी पाहिलेली नाही. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं आधी एक पाय, मग कंबर, मग देवाचं नाव.

मी अदबीने म्हणालो, थोरल्या शेठजींची आठवण म्हणून जपली असेल.

भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीचा पाना लावला आहे. "आठवण कसली, खरात भाऊ? ते एकदाच बसले होते हिच्यात. दोन हमालांनी ओढून काढलं त्यांना. गाडी माझी आहे. मी पसंत केली, मीच चालवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या गल्लीत गाडी वळत नाही म्हणून ती मिलमध्ये असते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तीन-चार वर्षं चालवणं सुटलं. आता गुडघा ठणठणीत होता, तर गाडी लंगडायला लागली होती. तिचं दर पाच वर्षांनी करायचं आरटीओचं पासिंग महिन्यावर आलं होतं. मागच्याच महिन्यात हायवेवर ती मध्येच बंद पडली आणि मागून सळयांनी भरलेला ट्रक हॉर्न मारत आला. तेव्हापासून गोविंदशेठनी एक गोष्ट पक्की केली होती. पासिंगला गाडी एकदाही बंद न पडता पास झाली, तर भाभींनी ती खुशाल चालवावी. बंद पडली, तर त्याच दिवशी भट्टीत. ते काही वाईट मनाने बोलले नव्हते. भावजयीच्या जिवाला घाबरलेला माणूस होता तो. पण भंगार वितळवायची त्यांची स्वतःची भट्टी त्या शेडपासून ऐंशी पावलांवर होती. मी मोजली आहेत.

"घरात ड्रायव्हर आहेत, मोठ्या गाड्या आहेत," भाभी म्हणाल्या. "पण ही गेली की मी कायमची मागच्या सीटवर. बस, एवढंच."

आता गाडी झटके का देते, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. चुलीला लागतात त्याच, फक्त इथे त्या मिनिटाला हजार-हजार वेळा आणि नेमक्या क्षणी लागतात. चार सिलिंडर म्हणजे चार बायका एका उखळात मुसळ घालतायत असं समजा. एकीची वेळ चुकली की चौघींचा ताल जातो. त्याला आम्ही मिसिंग म्हणतो. ताल फारच गेला की इंजिन बंद पडतं. मेकॅनिकने फक्त एवढंच शोधायचं असतं की कोण चुकलं. हे 'फक्त' शोधण्यात आमचे केस पांढरे झाले.

पहिल्या वेळी चूक सापडायला दोन तास लागले. सलीमभाईंनी उदबत्ती पेटवली आणि चालू इंजिनाभोवती आरती ओवाळल्यासारखी फिरवली. भाभींनी हात जोडले. पण हा धार्मिक विधी नव्हता. एका रबरी नळीपाशी धूर वळला आणि आत ओढला गेला. वर्षानुवर्षं उभी राहून ती नळी तडकली होती आणि इंजिन तिथून हिशेबाबाहेरची हवा पीत होतं. नळी बदलली. गाडी पिठाच्या गिरणीसारखी एका सुरात चालू लागली. भाभींनी मिलच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला सलीमभाईंना वाचायला उडी मारावी लागली.

इथे मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. मी भाषण दिलं. शिकलेल्या माणसाला कोणी नीट ऐकून घेतलं की राहवत नाही. मी म्हणालो, भाभी, धूळ ही इंजिनाची दुश्मन, रोज साफसफाई पाहिजे, गाडीवर धूळ म्हणून बसू देऊ नका. सलीमभाईंनी जांभई दिली. भाभींनी मात्र मान डोलावली आणि माझे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले.

आठ दिवसांनी फोन आला. गाडी पुन्हा झटके देत होती, मिलच्या गेटपाशी दोनदा बंद पडली होती.

या वेळी आम्ही तिला दोर लावून गॅरेजात आणली. नळी ठीक होती. मी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, पेट्रोलचा दाब मोजला. सलीमभाईंनी पुढचा भाग उघडून पट्टा तपासला. सलीमभाईंची एक सवय आहे. हातात आलेली कुठलीही वस्तू खांद्यावरच्या फडक्याने पुसल्याशिवाय ते परत ठेवत नाहीत, मग तो नट असो की नातवाचं नाक. सगळं पुसून, बसवून झालं आणि गाडी सुरू केली, तर पुन्हा गिरणीचा सूर. मी जॉबकार्डवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्लग खराब'. दोन दिवस ती गॅरेजात कुरकुर न करता चालली. मग परत मिलमध्ये गेली.

आणि पासिंगच्या सोमवारआधीच्या बुधवारी गेटपासून ऑफिसपर्यंत तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा पडली ती थेट गोविंदशेठच्या खिडकीखाली.

शेठनी मला बोलावलं. चहा मागवला. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "खरात, तुम्ही आमच्याच मिलचा माणूस. खरं सांगा, दम आहे का हिच्यात? की भाभींना आम्ही उगीच आशा लावून राह्यलो?"

मी म्हणालो, सोमवारपर्यंत थांबा. आवाज आत्मविश्वासाचा काढला होता. चहा मात्र तसाच ठेवून उठलो.

बाहेर आलो तर भाभी गाडीशेजारी उभ्या होत्या. बॉनेटवर तळहात ठेवला होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. सलीमभाईंनी कधी नव्हे ते माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. म्हणजे कानही संपले होते.

घरी जाताना मोटारसायकलवर मी एकच गोष्ट घोळवत होतो. ही बया आमच्याकडे बरी असते आणि मिलमध्ये आजारी पडते. सलीमभाई मागे बसून म्हणाले, "सासरे का घर बुरा है." ते गंमत करत होते, पण मला तेवढ्यात उत्तराची बाजू दिसली. दुखणं गाडीत नाही, सासरी आहे. मग तिला पुन्हा माहेरी आणून खोलण्यात काय अर्थ? तिथेच जाऊन बघायला हवं, आणि तेही काही न खोलता.

गुरुवारी दुपारी दोन वाजता मी शेडसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. हात मांडीवर. सलीमभाई शेजारी पाटावर. त्यांना हे फार अवघड गेलं. दर दहा मिनिटांनी विचारत होते, "आज किताब भी नहीं?" येणारे-जाणारे कामगार बघत होते. बावीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी मला पाना घेऊन धावताना पाहिलं होतं, त्यांना वाटलं असावं, साहेबांना काहीतरी झालंय.

चारला पाळी सुटली. रोलिंग मिलची एक रीत असते. पाळी सुटली की माणसं घरी जायच्या आधी कॉम्प्रेसरच्या पाइपने एकमेकांच्या अंगावर हवा मारतात. शर्ट फुग्यासारखे फुगतात, केस उभे राहतात, धूळ उडते, थट्टामस्करी होते. लहानपणी आम्ही विहिरीवर पाणी उडवायचो, तसंच. मीही सहा वर्षं तसाच घरी गेलो आहे. एकमेकांना हवा मारून झाली आणि त्यांच्यातला किसन, जो माझ्या वेळेपासून तिथे आहे, तो पाइप ओढत लाल गाडीपाशी आला. मला नमस्कार केला. सराईतपणे बॉनेट उघडलं. एकाने ते धरलं, दुसरा आरसे पुसू लागला, आणि किसनने इंजिनात, कानाकोपऱ्यात, खाली, पुढे, पुलीच्या मागे, मनापासून दहा मिनिटं हवा मारली. काळसर राखाडी ढग उठला. तो ढग खाली बसेपर्यंत माझ्या अंगावर काटा आला होता.

मी उठून विचारलं, हे कधीपासून चालू आहे.

"रोज, साहेब," किसन म्हणाला. "भाभी आल्त्या. म्हन्ल्या, धूळ बसू द्यायची न्हाई, इंजिनेर साहेबांनी बजावलंय. तवापासून हवा मारून राह्यलो. एक दिस खंड पडू दिला न्हाई. रैवारी बी येतो."

मी परत खुर्चीत बसलो.

मिलमधली धूळ ही धूळ नसते. लालबुंद लोखंड रोलरांमधून जाताना त्याचे पोपडे उडतात, त्याचा चुरा होतो, आणि तोच आवारभर पसरतो. तिथे दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टवर गंजाचे ठिपके पडतात. म्हणजे किसन इंजिनात रोज दहा मिनिटं लोखंडाचं पीठ फुंकत होता. आणि त्या इंजिनात पुढच्या पुलीमागे एक दातेरी चकती फिरते. तिच्यासमोर अंगठ्याएवढा सेन्सर असतो. समोरून एक-एक दात गेला की तो कॉम्प्युटरला खबर देतो आणि त्या खबरीवर ठिणगीची वेळ ठरते. मघाच्या उखळावर टाळ्या वाजवून ताल देणारी बाई म्हणजे तो सेन्सर. आणि त्याच्या टोकाशी असतं चुंबक.

एकच बोल्ट होता. सलीमभाईंनी तो सोडवला, सेन्सर बाहेर काढला, आणि सवयीने फडक्याकडे हात नेला. मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की आरसा पुसणारा माणूस खाली बसला.

सेन्सरच्या टोकाला लोखंडाच्या चुऱ्याची दाढी उगवली होती. चांगली बोटभर, दाट, केस न् केस ताठ उभा. परतूरच्या शाळेत एकच चुंबक होतं. विज्ञानाच्या गुरुजींनी ते माझ्या हातात देऊन शाळेमागच्या वाळूत फिरवायला सांगितलं होतं, तेव्हा असंच काळं गवत उगवलं होतं. माझ्या चार वर्षांच्या पदवीने जे दाखवलं नाही ते सहावीच्या वर्गाने दाखवलं. त्या दाढीतून त्या बिचाऱ्या सेन्सरला दात नीट मोजता येत नव्हते. मोजणी चुकली की ठिणगी चुके, फारच चुकली की गाडी बंद. आणि गॅरेजात ती बरी का व्हायची, तेही उमगलं. प्लगने नाही. पट्टा बघताना सलीमभाईंनी सेन्सर काढला होता, आणि नातवाच्या नाकासारखा पुसून परत बसवला होता.

सलीमभाई ती दाढी बराच वेळ न्याहाळत राहिले. मग स्वतःच्या दाढीवरून हात फिरवून म्हणाले, "माशाअल्लाह. मेरे से घनी है."

त्यानंतर आम्ही जे हसलो ते हसणं मी वर्णन करू शकत नाही. सलीमभाई पाटावरून घसरले. मी शेडच्या खांबाला धरलं. पाळीवर येणारे लोक थांबून, काही न कळता, आमच्यासोबत हसू लागले. फक्त किसन हसत नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता. "म्हंजी आमच्याच हातानं भाभीची गाडी..." एवढंच तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की तुझ्या हातानं नाही, माझ्या तोंडानं. धूळ कुठली ते न बघता मी पुस्तकातलं वाक्य बोलून गेलो. याच मिलची धूळ सहा वर्षं अंगावरून झटकलेला मीच, आणि बोलताना नेमकं तेच विसरलो. हे मला अजून लागतं. किसन पाइप गुंडाळत म्हणाला, "मंग आता गाडीची सेवा कशी करायची?" मी म्हणालो, हात लावू नका, ताडपत्री टाका, हीच सेवा. ते त्याला पटलं नाही. प्रेम असलेल्या माणसाला काही न करणं सांगणं फार कठीण असतं.

भाभींना सेन्सर दाढीसकट दाखवला. त्यांनी तो नातं ठरवायला आलेल्या स्थळासारखा फिरवून-फिरवून पाहिला. "म्हणजे तुम्ही शिकवलं, मी सांगितलं, किसनने केलं," त्या म्हणाल्या, "आणि शिक्षा हिला." मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण हसून झाल्यावर हळूच विचारलं, नक्की हेच ना? मी नक्की म्हणालो, आणि रात्री झोपलो नाही. मेकॅनिकचं 'नक्की' दोनदा चुकलेलं होतं.

सोमवारी भाभी स्वतः गाडी चालवत आरटीओत आल्या. मी आणि सलीमभाई मोटारसायकलवर मागे, सायलेन्सरकडे डोळे लावून. गोविंदशेठ त्यांच्या मोठ्या गाडीतून आले आणि हात मागे बांधून उभे राहिले. रांगेत टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर, आणि मधोमध ही लालचुटुक वस्तू.

इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने इंजिन जागेवर चालू ठेवायला सांगितलं आणि कागद बघत बसला. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम हळू वाचतोय. भाभींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. इंजिन मात्र घरच्यासारखं गुणगुणत होतं. मग तो म्हणाला, उतरा, मी चालवून बघतो. एक फेरी झाली. थांबला नाही. दुसरी झाली. रिक्षावाले उठून बघू लागले. तिसऱ्या फेरीला तो इमारतीच्या मागे गेला आणि आवाज बंद झाला.

गोविंदशेठनी मान खाली घातली. भाभींनी माझा दंड धरला, तो इतका घट्ट की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. मी आणि सलीमभाई धावत सुटलो. आमचं वय धावायचं नाही. कोपऱ्यावर वळलो, तर साहेब गाडी लिंबाच्या सावलीत लावून, स्वतःच बंद करून, बॉनेटला टेकून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढत होते. आम्हाला बघून ओशाळले. "घरी दाखवायला," म्हणाले. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या हाकेला उठली.

सही झाली. गोविंदशेठ गाडीभोवती एक चक्कर मारून आले. वाकून आतही बघितलं, आत बसायची इच्छा असलेल्या माणसासारखं. मग म्हणाले, "भाभी, हळू चालवा." एवढंच म्हणून आपल्या गाडीत बसले. मागच्या सीटवर.

भाभींनी टप दुमडला, गॉगल लावला आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. "एकच जागा आहे. अंबडपर्यंत जाऊन येऊ. दोघांनी ठरवा."

मी पुढे झालो. निदान माझं होतं.

"ठैरो," सलीमभाई म्हणाले. "गाडी बिगाडी किसने? तुम्हारे लेक्चर ने. ठीक किसने की? मेरे फडके ने."

मी बाजूला झालो. त्यांनी आधी एक पाय, मग कंबर, मग अल्लाचं नाव घेत आत प्रवेश केला, टोपी एका हाताने धरली, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

मी मोटारसायकल काढून मागे लागलो. अंबड रोडवर थोडा वेळ ते दिसत होते. भाभींचा पदर, सलीमभाईंची उडती दाढी, आणि मागे वळून न बघता त्यांनी वर केलेला एक हात. मग एक एसटी आडवी आली, ती गेली तेव्हा लाल ठिपका झाला होता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरी-धंद्यात मी इतर लोकांच्या गाड्या चालू राहाव्यात म्हणून झटलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की समोरची गाडी बंद पडावी, एकदाच, दोन मिनिटांसाठी.

नाही पडली.